नवा लॅपटॉप घ्यावा का? (आणि त्यानिमित्तानं थोडा इतिहास)

आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. अण्णांनी नवा लॅपटॉप घ्यावा की नाही? लेकीचं मत, घ्यावा. नातवाचं मत, घ्यावाच. कुठला घ्यावा त्याची यादीसुद्धा त्यानं पाठवली आहे. यादीतले सगळे लॅपटॉप किलो-सव्वा किलोचे, वहीसारखे पातळ. माझा सध्याचा २०१४ सालचा आहे. परवा वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला तर २ किलो ६०० ग्रॅम भरला! चार्जर धरला की तीन किलोच्या जवळ. तो पिशवीत घालून राहुरीहून एसटीनं नगरला जायचं, वस्तुसंग्रहालयातले कागद बघायचे, टिपणं काढायची आणि संध्याकाळी परत यायचं, हे आता खांद्याला झेपत नाही.

दुसरं कारण यंत्राच्या आतलं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांनी नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील अशी सोय ठेवली. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नाही. म्हणजे चालतंय तर सगळं, पण मुदत संपल्यासारखं.

विरोधी मत आमच्या एका निवृत्त गुरुजींचं. ते म्हणाले, "ज्याला लिहायचं तो लिहितो. नगरच्या किल्ल्यात नेहरूंकडं कुठला लॅपटॉप होता?" मुद्दा बिनतोड आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. तिथं नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हातानं लिहून काढलं. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही तिथलीच. दोन्ही पुस्तकं १९४६ ला आली. कागद, पेन आणि भरपूर (सक्तीचा!) वेळ, एवढंच साधन.

पण मंडळी, आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड आहे. प्रश्न समोर आला की आधी मागं जाऊन बघायचं. हलक्या साधनाचा हव्यास काही आजचा नाही. तेव्हा म्हटलं, आपल्याकडं लिहिण्याचं साधन बदलताना लोकांनी काय कमावलं आणि काय गमावलं ते बघू, आणि मग नातवाला उत्तर देऊ.

वेगासाठी मोडी

आपल्या जिल्ह्यातूनच सुरुवात करू. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.) नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. लिहिणं हे तेव्हा वेगळंच काम होतं. पुढं प्रतीवरून प्रती निघत गेल्या. प्रत्येक नकलेत कुठं अक्षर सुटायचं, कुठं ओळ घुसायची. शेवटी पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, जुन्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. जवळजवळ तीनशे वर्षं गेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

राजदरबारी आणि हिशेबाच्या लिखाणाला मात्र वेग हवा. त्यासाठी मोडी. ती हेमाद्रीपंतानं आणली असं परंपरा सांगते. मोडीचा सगळा थाट वेगासाठी आहे. कागदावर आधी आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरांना अक्षरं जोडत जायचं. वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना ही लिपी फार आवडली असती!) साधनंही हलकी. दौत, बोरू, कलमदान, शाई टिपायला वाळू. कागद झाले की फडक्यात बांधायचे. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही तोच शब्द चालतो. कारकुनानं मांडी घातली की तिथं कचेरी सुरू. मांडीवर ठेवून लिहिणं आपल्याला नवीन नाही.

मग छपाई आली. विल्यम केरीनं श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नव्हे) १८१० ला मराठी कोश छापला, त्यातले मराठी शब्द मोडी टाइपात होते. पण एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांचे सुटे खिळे पाडणं अवघड. पुढं छापायला बालबोधच सोयीची ठरली. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश बालबोधीत आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशननं १८४२ ला 'ज्ञानोदय' सुरू केलं, त्या काळापर्यंत छापील मराठी म्हणजे बालबोध हे समीकरण रुळत चाललं होतं. हातानं लिहायला मात्र मोडीच. १९१७ ला मुंबई सरकारनं सरकारी कामात मोडीऐवजी बालबोध वापरायचं ठरवलं, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत शाळांतूनही मोडी गेली.

त्या वेळी कुणी दुष्टपणा केला असं नाही. एक लिपी शिकायची तर दोन कशाला, हा विचार मुलांच्या दृष्टीनं योग्यच होता. माझी पिढी मोडी न शिकता मोठी झाली आणि तिचं काही अडलं नाही. अडलं ते कागदांचं. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही मोडी कागदांची दप्तरं आहेत. शाई टिकली, कागद टिकला, पण वाचणारे उरले नाहीत. घरात आजोबांचा खरेदीखताचा कागद असतो आणि तो कुठल्या शेताचा हे घरातल्या कुणालाही सांगता येत नाही, हे आपल्याकडं किती घरांत आहे बघा.

जे वाचलं ते माणसांच्या कष्टानं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत जुनी दप्तरं धुंडाळत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ ला आला, पुढं एकूण २२ खंड झाले. गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० पासून पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. हे सगळं काम मोडी आणि बालबोध दोन्ही येणारी माणसं हयात होती म्हणून झालं. हाच उद्योग आज नव्यानं करायचा तर आधी मोडी वाचणारे तयार करावे लागतात. त्यासाठी पुराभिलेख विभाग आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात ही चांगली गोष्ट आहे.

खडखडाट

टंकयंत्राचा काळ मी स्वतः पाहिला. गोदरेजनं १९५५ ला पहिलं भारतीय टंकयंत्र बाजारात आणलं, तेव्हा ती स्वतंत्र देशाची अभिमानाची गोष्ट होती. आमच्या शाळेत हेडक्लार्कच्या टेबलावर मराठी टंकयंत्र असे. परीक्षा आली की स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढायच्या. चूक झाली की स्टेन्सिलवर लाल औषध लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की पुन्हा अक्षर मारायचं. यंत्र इतकं जड की ते जागचं हलवायला शिपाई लागे. युरोपात ऑलिवेट्टीचं लेटेरा २२ हे हातात धरून नेता येणारं यंत्र १९५० लाच आलं होतं, त्याचं वजन सुमारे ४ किलो. आमच्यापर्यंत ते कधी पोचलं नाही.

टंकयंत्रानं मराठीला थोडं आकसायला लावलं. कळा मोजक्याच, त्यामुळे जोडाक्षरं तुकड्या-तुकड्यांनी जुळवायची. तरी त्याचा एक मोठा गुण होता. उमटलेलं अक्षर वाचायला ते यंत्र लागत नाही. गोदरेजनं २००९ ला टंकयंत्रं बनवणं थांबवलं, पण १९७० सालचा टंकलिखित दाखला आजही कुणीही वाचू शकतो.

मांडीवरचा संगणक

आता वजनाकडं येऊ. ॲलन के नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९७२ ला एका निबंधात 'डायनाबुक'ची कल्पना मांडली. मुलांनी हातात घेऊन फिरायचा, वहीएवढा संगणक. त्याचं वजन चार पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे १ किलो ८०० ग्रॅमच्या आत असावं असं त्यांनी लिहिलं होतं. (म्हणजे माझा लॅपटॉप १९७२ च्या कल्पनेपेक्षाही जड!) प्रत्यक्षात १९८१ ला ऑस्बोर्न १ आला तो जवळजवळ ११ किलोचा. शिवणयंत्राच्या पेटीसारखा, पाच इंची पडदा, आत बॅटरी नाही. १९८२ ला ग्रिड कंपास आला, सुमारे ५ किलो, पण पडदा कळफलकावर मिटायचा. आजच्या लॅपटॉपचा आकार तिथून आला. २००७ चा असुसचा ई-पीसी किलोच्या आत होता, पण पडदा सातच इंची. २००८ ला ॲपलचं मॅकबुक एअर आलं, १ किलो ३६० ग्रॅम, आणि स्टीव्ह जॉब्झनं ते चक्क कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवलं. २०११ पासून इंटेलनं 'अल्ट्राबुक' हे नाव रूढ केलं. आता तर पूर्ण आकाराचे किलोच्या आतले लॅपटॉपही मिळतात.

हलकेपणासाठी काय काय काढलं तेही बघा. सीडी गेली, भोकं (पोर्ट) कमी झाली, बॅटरी आत चिकटली, बऱ्याच यंत्रांत मेमरीही कायमची जोडून टाकलेली. माझ्या जाड लॅपटॉपची बॅटरी मी आजवर दोनदा बदलली, हार्ड डिस्क एकदा, आणि दोन्ही कामं तालुक्यातल्या पोरानं चहा गार व्हायच्या आत केली. यादीतल्या पातळ यंत्राला हात लावायला तो धजत नाही. तरीही वजन हा मुद्दा मी खोटा मानत नाही. मोडीतल्या कारकुनाला हात भराभर चालावा असं वाटलं आणि मला खांदा दुखू नये असं वाटतं, यात फार फरक नाही. हलकं साधन असेल तर मी नगरला महिन्यातून चारदा जाईन. आत्ता एकदा जातो.

पण अक्षरांचं काय?

संगणकावर मराठी आणणारी मंडळी आपल्या जवळचीच. आयआयटी कानपूरला १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्र तयार झालं. १९८८ ला पुण्याला सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथं पुढं गेलं. 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ ला भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेली. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय यायला विंडोज २००० उजाडावं लागलं, आणि सामान्य माणसापर्यंत ती यायला आणखी काही वर्षं.

मधली दहा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटची. प्रत्येकाची चाल वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. तो फाँट असेल तर मराठी दिसायची, नसेल तर इंग्रजी अक्षरांची भेळ. नगरच्या छापखान्यांतून त्या काळात निघालेल्या किती स्मरणिका, किती दिवाळी अंक, किती लग्नपत्रिका अशा फाँटमध्ये असतील! छापील प्रत असेल तर ठीक. नुसती फाइल असेल तर ती आजची मोडी समजा. फरक इतकाच की मोडी विसरायला शंभर वर्षं लागली आणि इथं वीस पुरली.

आता माझं गाऱ्हाणं. २००३ ला मी आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. ती सांगे आणि मी लिही. वहीतून त्या त्या वेळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या. (नाव कशाला घ्यायचं, तेव्हा सगळीच तशी होती.) एकूण ४१२ ओव्या. आई २००५ ला गेली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली आणि वही गेली. उरल्या त्या फायली. त्या उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं, ते चालायला डोंगल नावाचं कुलूप लागतं, आणि हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर अजून कसंबसं चालतं. नव्या विंडोजवर चालेल का, याची हमी कुणी देत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तो ठेवा आता 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं वाचायला-ऐकायला मिळतो. त्यापुढं आमच्या ४१२ म्हणजे काहीच नव्हेत. पण त्यांत माझ्या मामांची, आत्यांची नावं आहेत, आमच्या विहिरीचं आणि बैलांचं नाव आहे. ते दुसरीकडं कुठं नाही.

ओव्या पलीकडं न्यायच्या कशा?

जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं हौशी लोकांनी केलेली आहेत. मी वीस ओव्या करून पाहिल्या. जमतं, पण डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. कारण असं की जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली. 'किती'मधली पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं, आधी 'क' मग वेलांटी. 'सूर्य'मधला रफार जुन्या पद्धतीत 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' आधी. 'तऱ्हा'तला अर्धा 'र' तर हटकून बिघडतो. आपला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ ला आला, पण ओव्यांत इंग्रजी शब्द नाहीत, त्यामुळे ती चिंता नाही!

युनिकोडचा मला मोठा आधार वाटतो तो एका नियमामुळे. एकदा एखाद्या अक्षराला क्रमांक दिला की तो काढून घ्यायचा नाही की बदलायचा नाही. म्हणजे आज नीट युनिकोडमध्ये ठेवलेली ओवी उद्या विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर, कुठंही तीच राहील. एकदा हे ओलांडणं झालं की पुढं यंत्र कितीदाही बदला.

तेव्हा ठरवलं ते असं:

१. नवा हलका लॅपटॉप घ्यायचा, पण ओव्या पलीकडं गेल्याशिवाय नाही. मधल्या काळात जुना इंटरनेटला न जोडता फक्त या कामाला ठेवायचा.

२. रोज दहा ओव्या बदलायच्या आणि तपासायच्या. चाळीस-बेचाळीस दिवसांचं काम आहे.

३. झाल्या की जाड कागदावर पाच प्रती छापायच्या. टंकयंत्राचा तो गुण मी विसरलेलो नाही. कागद वाचायला चार्जर लागत नाही.

४. नवा आला तरी जुना विकायचा नाही. (लेक म्हणते, "अण्णा, अडगळ!" असू दे.)

आमच्या गुरुजींना उत्तर देणं राहिलं. नेहरूंनी किल्ल्यात हातानं लिहिलं हे खरं, पण पुढं ते छापलं गेलं म्हणून तुम्ही-आम्ही वाचलं. हातातलं लिखाण वाचणाऱ्यापर्यंत पोचवायची सोय प्रत्येक पिढीला करावीच लागते, आणि आमच्या घरात ती सध्या माझ्याच वाट्याला आली आहे.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. तपासताना काही ठिकाणी शब्द लागत नाहीत. फायलीत बिघडले की आईनंच तसे म्हटले होते, ते एकट्यानं ठरवता येत नाही. नाथांसमोर अनेक प्रती होत्या, माझ्यासमोर एकच आहे. दुसरी प्रत म्हणजे तुमची आठवण. आईच्या माहेरच्या कुणी, विशेषतः मावशींनी आणि थोरल्या मामींनी, दळताना तिच्याबरोबर गायलं असेल. त्यांना फोनवर विचारा आणि जे आठवेल ते जसंच्या तसं कळवा. अर्धवट असलं तरी चालेल. त्यांची वयं बघता हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नका.

ता. क. नातवासाठी: यादीतला तिसरा बरा वाटतो. कळफलक मात्र दुकानात जाऊन, मराठीत चार ओळी टाइप करूनच ठरवीन.